दोऱ्यांची तारीख पाण्याला विचारा

"दोरे कधी सोडूचे, सर?"

कालवांची शेती करणाऱ्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न ठरलेला असतो. जुने शिंपले भोकं पाडून दोरीत ओवायचे, त्या माळा खाडीत टांगायच्या आणि त्यांवर कालवाचं बी बसण्याची वाट बघायची, एवढं काम. विचारणारीला तारीख हवी असते. दसरा म्हणा, कोजागिरी म्हणा, म्हणजे भातकापणी, घरचं आणि होडी यांची सांगड घालता येते. पूर्वी मीही तारीख सांगायचो. एका वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला होता, आणि मी पाणी न बघता कॅलेंडर बघून दोरे सोडायला लावले. महिन्याभराने वर काढले तर त्यांवर गाळ, शेवाळ आणि बार्नॅकलांचे पांढरे खवले. कालवाचं बी बोटावर मोजण्याइतकं. शेजारच्या खाडीतल्या गटाकडे होडी नव्हती म्हणून त्यांनी तीन आठवडे उशिरा दोरे सोडले होते, आणि त्यांचे शिंपले बियांनी भरले होते. तेव्हापासून मी तारीख सांगत नाही. थर्मामीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर हातात देतो.

पाण्याचं तापमान आणि क्षारता, हे दोन आकडे कसे घ्यायचे आणि घेतल्यावर त्यांचं काय करायचं, ते इथे सांगतो. खाडीत दोरे टाकणाऱ्या बायका, छोटी हॅचरी घालू पाहणारे तरुण आणि प्राणिशास्त्राचा प्रकल्प करणारे विद्यार्थी हे तिघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं.

केसाएवढं पिल्लू

मोठं कालव चिवट असतं. पावसाळ्यात खाडीला गोड्या पाण्याचा लोंढा आला की ते शिंपले घट्ट मिटून दिवसचे दिवस काढतं. या चिवटपणामुळेच आपली फसगत होते. मोठं जगतंय म्हणजे पाणी चांगलं, असं आपण धरून चालतो. पिल्लाला मात्र मिटून बसायला सुरुवातीला शिंपलाच नसतो.

कालव आणि शिणाणे आपली अंडी आणि शुक्र थेट पाण्यात सोडतात. एका मादीची अंडी लाखांनी मोजावी लागतात. पाण्यातच फलन होतं आणि काही तासांत केसाळ, गरगर फिरणारं ट्रोकोफोर तयार होतं. साधारण वीस तास ते एका दिवसात त्याला दोन पारदर्शक शिंपले येतात. सूक्ष्मदर्शकात बघितलं तर अगदी इंग्रजी डी अक्षर आडवं ठेवल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला डी-लार्वा म्हणायची पद्धत आहे. आकार साठ-सत्तर मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. मग ते व्हेलम नावाच्या केसाळ पडद्याने पोहत, सूक्ष्म शेवाळ खात वाढतं. दोन-अडीच आठवड्यांनी त्याला काळा ठिपक्यासारखा डोळा आणि सरपटायला पाय येतो. तेव्हा ते तीनशे मायक्रॉनच्या आसपास असतं आणि बसायला जागा शोधू लागतं. एकदा चिकटलं की कालव जन्मभर तिथेच.

फलनापासून चिकटण्यापर्यंतचा हा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास पाण्यातच होतो, आणि पाणी वाईट निघालं तर पळून जायला जागा नसते. त्यातही पहिला दिवस सगळ्यात नाजूक. अंड्याला आणि ट्रोकोफोरला पातळ पडद्याशिवाय काही आवरण नसतं. पाणी फार कमी खारं असलं तर ते आत शिरतं, पेशी फुगतात, पेशींची वाटणी बिघडते. दुसऱ्या दिवशी बघावं तर डी ऐवजी दातरे कुरतडलेले, मधे खाच पडलेले, अर्धवट शिंपले दिसतात. ती पिल्लं पोहतात, त्यामुळे नवख्याला सगळं ठीक वाटतं. चार दिवसांनी टाकीच्या तळाशी साका उरतो.

उष्णतेचा हिशेब

तापमान वाढलं की पिल्लाची वाढ वेगाने होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ढोबळ हिशेब असा की, सोसण्याच्या पट्ट्यात दहा अंश वाढले तर वेग दुपटी-अडीचपटीने वाढतो. म्हणजे 30 अंशांना पंधरा दिवसांत डोळा आलेलं पिल्लू 25 अंशांना तीन आठवडेही घेईल. खाडीत याला मोठा अर्थ आहे. जितके दिवस पिल्लू पाण्यात तरंगणार तितके दिवस मासे, जेलीफिश आणि ओहोटी त्याला नेणार.

म्हणून टाकीत हीटर लावून 33 अंश करावेत का? करू नयेत. वेगाने वाढलेलं पिल्लू बऱ्याचदा लहान अंगाने आणि कमी साठ्याने बसायला येतं. बसण्याच्या वेळी ते खाणं थांबवतं आणि अंगातल्या चरबीवर दिवस काढतं. साठा कमी असेल तर चिकटून मरतं. शिवाय उष्ण पाण्यात पिल्लापेक्षा जीवाणू जास्त वेगाने वाढतात, त्यातही व्हिब्रिओ. प्राणवायूही कमी विरघळतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, 35 पीपीटी क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि तेच पाणी 30 अंशांना नेलं की सहाच्या थोडाच वर. पिल्लाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. खाद्याचंही तसंच. आयसोक्रायसिस हे हॅचरीतलं आवडतं शेवाळ कडक उन्हाळ्यात पटकन कोसळतं, कीटोसेरॉस जरा तग धरतं. एप्रिल-मेमध्ये पिल्लं उपाशी मरतात तेव्हा दोष पुष्कळदा पिल्लांच्या टाकीत नसून शेवाळाच्या बरण्यांत असतो.

आपल्याकडच्या कालवासाठी आणि शिणाण्यांसाठी मी 27 ते 30 अंशांचा पट्टा धरतो. दिवसभरात एका अंशापेक्षा जास्त चढउतार नको. 28 वर स्थिर असलेली टाकी मला दुपारी 31 आणि पहाटे 26 होणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी प्रिय आहे. पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीत नेमका हाच घोळ होतो. सकाळी अकराला नोंद घ्यायची सवय असेल तर वहीत सगळे आकडे सुंदर दिसतात आणि पिल्लं मरतात. एकदा पहाटे पाचला उठून थर्मामीटर बघा. टाकीला बाहेरून थर्माकोल लावणं, वर झाकण ठेवणं, हे हीटरपेक्षा स्वस्त आणि जास्त भरवशाचं.

इथे एक सापळा आहे. तुतीकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या हॅचरीत कालवांना अंडी सोडायला लावण्याची जी पद्धत बसवली गेली, तिच्यात पोसलेली कालवं 22 ते 24 अंशांच्या गार पाण्यात राखतात आणि मग 34-35 अंशांच्या पाण्याचा धक्का देतात. तो धक्का आईबापांसाठी असतो. ही पद्धत वाचून काही जण अंडी त्याच गरम पाण्यात तशीच राहू देतात. नर-मादी सोडू लागले की त्यांना आणि अंड्यांना ताबडतोब 28 अंशांच्या, गाळलेल्या ताज्या पाण्यात न्यायचं.

मीठ किती

क्षारता म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार, तो आकडा. 35 पीपीटी म्हणजे किलोमागे 35 ग्रॅम. खुल्या अरबी समुद्राचं पाणी 35-36 च्या आसपास असतं. मांडवी-झुआरीच्या मुखापाशी मे महिन्यात जवळजवळ तेच मिळतं, आणि जुलैत मांडवीच्या पृष्ठभागावरचं पाणी पार गोड होतं. एकाच जागेवर वर्षभरात 35 ते शून्य. कोकणातल्या खाड्यांची गत फार वेगळी नाही, पण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. वाशिष्ठीचंच बघा. कोयनेच्या वीजप्रकल्पातून सुटणारं पाणी तिच्यात उतरतं, त्यामुळे दाभोळच्या खाडीला उन्हाळ्यातही गोड्या पाण्याचा पुरवठा चालू राहतो. तिथला हिशेब कर्ली किंवा आचऱ्याच्या खाडीला लावला तर फसणारच.

शिणाण्यांची पिल्लं समुद्राची लेकरं. त्यांना 27 च्या वर, शक्यतो 30 ते 33 पीपीटी द्यावं. केरळात कासरगोडकडचे शेतकरी ऑक्टोबरनंतर खडकांवरचं शिणाण्यांचं बी खरवडून दोऱ्यांना लावतात आणि पाऊस सुरू होण्याआधी पीक काढून मोकळे होतात, त्यामागे हेच कारण. कालव खाडीचं, त्याचा पट्टा रुंद. शिवाय आपल्याकडे कालव म्हणजे एकच जात नव्हे. क्रॅसोस्ट्रिया ग्रिफॉइडिस आहे, मद्रासेन्सिस आहे, खडकाला घट्ट बसलेलं छोटं सॅकोस्ट्रिया आहे, आणि पहिली दोन नुसत्या डोळ्यांनी ओळखताना जाणकारही चुकतात. म्हणून पुस्तकातला एक आकडा घेऊन बसू नका. दोरे सोडण्यासाठी माझा ठोकताळा असा: तळाकडचं पाणी सलग आठवडाभर 20 च्या वर राहिलं आणि चढत असलं, तर खाडी तयार होत आली असं समजावं.

क्षारतेत एक गोष्ट आकड्याहूनही महत्त्वाची, ती म्हणजे बदलाचा वेग. 30 पीपीटीत वाढलेलं पिल्लू हळूहळू 22 वर आणलं तर पुष्कळदा निभावून नेतं. तेच एका झटक्यात 22 मध्ये ओतलं तर व्हेलम आत ओढून, शिंपले मिटून तळाला जातं. जिवंत असतं, पण खात नाही. अशा उपाशी तासांची किंमत पुढे बसताना मोजावी लागते.

दोन्ही आकडे एकत्र वाचा

तापमान चांगलं आहे का, असा सुटा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या क्षारतेला, हे पुढे जोडायला हवं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टच्या प्रयोगशाळेत जॉन कॉस्टलो आणि सी. जी. बुकहाउट यांनी 1960 च्या सुमारास खेकड्यांची पिल्लं तापमान आणि क्षारतेच्या वेगवेगळ्या जोड्यांत वाढवून दाखवली. त्याच सुमारास कनेक्टिकटमधल्या मिलफर्डला हॅरी डेव्हिस आणि अँथनी कॅलाब्रीज यांनी कालवांवर तसंच काम केलं, ते 1964 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्हींतून निघालेली व्यवहाराची गोष्ट सारखीच आहे. क्षारता मनाजोगी असेल तर पिल्लू तापमानाचा बराच मोठा पट्टा सोसतं. क्षारता कडेला गेली की तापमानाचा पट्टाही आखडतो. म्हणजे 30 पीपीटीत जे पिल्लू 32 अंश सहन करतं, ते 15 पीपीटीत त्याच 32 अंशांना मरू शकतं.

हे आपल्या किनाऱ्यावर नेमकं केव्हा घडतं? मे अखेरच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या उन्हात. पाणी तापलेलं आणि वरून गोड्या पाण्याचा थर. 2019 च्या ऑक्टोबर अखेरीस 'क्यार' वादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपलं, तसा अवेळी पाऊस झाला तर आदल्या आठवड्यातल्या नोंदी बाद समजून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागावं.

डेव्हिस यांचंच 1958 मधलं आणखी एक काम आहे, आणि माझ्या मते हॅचरीवाल्यांना त्याचा जास्त उपयोग आहे. लाँग आयलंड साउंडच्या 26-27 पीपीटीच्या पाण्यातल्या कालवांची अंडी बाविसाच्या आसपास उत्तम वाढली. कमी खाऱ्या पाण्यात ज्या कालवांची बीजांडं पिकली होती, त्यांची अंडी 10 ते 15 पीपीटीला उत्तम वाढली. जात एकच होती. फरक आईबापांनी पाहिलेल्या पाण्याचा. पिल्लाला कोणतं पाणी मानवेल हे अंशतः आधीच्या महिन्यात ठरलेलं असतं, तेही दुसऱ्याच्या अंगात.

म्हणून बाहेरून मोठी कालवं आणताना पहिला प्रश्न किमतीचा करू नका. ती कोणत्या खाडीतून, किती आतून, कोणत्या महिन्यात काढली, आणि त्या दिवशी तिथलं पाणी किती पीपीटी होतं, हे विचारा. विकणाऱ्याला माहीत नसतं, हेही सांगून ठेवतो. मग शिंपल्यात अडकलेलं पाणी तपासा. घट्ट मिटलेलं कालव हळूच उघडलं की आत थोडं पाणी सापडतं. दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकले की ते कुठून आलं याचा अंदाज येतो. 15 पीपीटीतून आलेल्या कालवांना थेट 32 मध्ये अंडी सोडायला लावण्याऐवजी पंधरा दिवस-तीन आठवडे हळूहळू वर आणत, पोसत ठेवलं तर पैसे वाया जात नाहीत.

खाडी मोजताना

आधी साधनं तपासा. थर्मामीटरची परीक्षा घरीच होते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी पेल्यात घालून ढवळा, पाच मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन थर्मामीटरांत दोन अंशांचा फरक मी बघितलेला आहे. रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर लावायचा, बिसलेरीने नाही. आणि तो घेताना समुद्राच्या पाण्यासाठी आखलेला आहे की नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी, हे बघून घ्या. स्वस्तातले बरेच मिठाच्या द्रावणाचे असतात आणि 35 च्या पाण्याला दीड-एक पीपीटी जास्त दाखवतात. दुसरा परवडत नसेल तरी हरकत नाही, पण वर्षभर तोच वापरा. मधेच बदलला तर नोंदी जुळत नाहीत.

आता खरी गंमत. खाडीचं पाणी एक नसतं. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. खारं जड, ते भरतीबरोबर तळाने आत सरकतं. होडीतून हात घालून बाटली भरली की आपल्याला नदीचा आकडा मिळतो, समुद्राचा मिळत नाही. दीड-दोन मीटर खालचं पाणी काढायला यंत्र लागत नाही. काचेच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी बांधा, खाली सोडा आणि बुचाला झटका द्या. बुडबुडे थांबले की वर ओढा.

उधाणाला पाणी जोरात आतबाहेर होतं, घुसळण होते, वरचा आणि खालचा आकडा जवळ येतो. भांगाला, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाणी मंद असतं आणि थर वेगळे राहतात. त्यामुळे अमावास्येला मोजलं आणि अष्टमीला मोजलं तर एकाच खाडीचे दोन वेगळे चेहरे दिसतात. आठवड्यातून दोनदा, एकदा पूर्ण भरतीला आणि एकदा पूर्ण ओहोटीला, वर आणि खाली असे चार आकडे लिहा. शेजारी तिथी लिहा. तारखेपेक्षा तिथी उपयोगी पडते.

कालवाची पिल्लं पोहताना जिथे गोडं आणि खारं भेटतं त्या थरापाशी घोटाळतात. वर गोडं लागलं की व्हेलम मिटतात आणि खाली येतात. म्हणून वरचं पाणी अजून पातळ असलं तरी खालच्या थरात बी असू शकतं. तराफ्यावरून टांगणाऱ्याला दोरी लांब सोडता येते. खुंट्यांवर आडव्या बांबूला बांधणाऱ्याला थोडं थांबावं लागतं.

आणि सगळ्या आकड्यांवर एक खात्री हवी: परीक्षेचा शिंपला. मोठा डोलारा टांगण्याआधी दर आठवड्याला दोन-तीन स्वच्छ घासलेले शिंपले तिथेच टांगा, आधीचे वर काढा आणि भिंगातून बघा. शिंपल्याची गुळगुळीत, आतली बाजू बघा, तिच्यावर ठिपके लवकर दिसतात. दोरे फार आधी सोडले तर गाळ आणि बार्नॅकल जागा अडवतात. फार उशिरा सोडले तर हंगाम निघून जातो. या दोन्हींच्या मधला आठवडा आकडे दाखवतात आणि शिंपला पक्का करतो.

टाकीतलं पाणी बदलताना

छोट्या हॅचरीत पिल्लं मरण्याची वेळ विचारली तर दहातले सात जण सांगतात, पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी. दोष पाण्याच्या घाणीला दिला जातो. खरं तर नवं पाणी बाहेरच्या हौदातलं, रात्रभर गारठलेलं किंवा दुपारी तापलेलं असतं. नवं पाणी आदल्या दिवशीच पिल्लांच्या खोलीत आणून ठेवा. चाळणीतून पिल्लं काढायच्या आधी दोन्ही पाणी मोजा. तापमानात एक अंशाच्या आत आणि क्षारतेत एक ते दोन पीपीटीच्या आत फरक असेल तरच पुढे जा, नाहीतर चहा प्या आणि थांबा.

बाष्पीभवनाने क्षारता चढते हे विसरलं जातं. 500 लिटरची टाकी 30 पीपीटीवर आहे आणि 25 लिटर पाणी उडालं, तर मीठ तेवढंच राहून उरलेलं पाणी साडेएकतीसच्या वर जातं. अशी घट समुद्राच्या पाण्याने भरली तर आकडा चढतच राहतो. ती गोड्या पाण्यानेच भरायची, आणि त्यात क्लोरीन नको. नळाचं असेल तर एक दिवस जोरात हवा सोडा. आपल्याकडच्या काही बोअरच्या पाण्यात लोह असतं. हवा देऊन, गाळ बसू देऊन, वरचं निवळ घ्या.

35 चं पाणी 28 वर आणायचं तर गोडं किती घालायचं? 35 ला 28 ने भागलं की सव्वा येतं. म्हणजे हजार लिटरमागे अडीचशे लिटर. कुठल्याही दोन आकड्यांना हाच भागाकार चालतो. उत्तरातून एक वजा करा आणि टाकीच्या लिटरांनी गुणा. फक्त हे गणित पिल्लं टाकीत नसताना करायचं. पिल्लं असताना क्षारता उतरवायची तर तासाला एक पीपीटी हा माझा वेग. 33 वरून 25 वर यायला आठ तास लागतात. एखादा दिवस जातो, पण माल राहतो.

वनामी कोळंबीचं बी विमानाने आणून पालघर-रायगडकडच्या तळ्यांत सोडणाऱ्यांनाही हेच लागू. पिशवी बर्फाच्या गारव्यात आलेली असते आणि तळं तापलेलं. अर्धा तास पिशव्या तळ्यावर तरंगत ठेवल्याने तापमान जुळतं, क्षारता नाही. तळं 12 पीपीटीचं असेल तर बी पॅक करण्याआधी दोन-तीन दिवसांत हॅचरीतच त्या क्षारतेवर उतरवून द्यायला सांगा, आणि पिशवी फोडल्यावर पहिलं काम म्हणून तिच्यातलं पाणी मोजा. कागदावर लिहिलेलं आणि पिशवीत असलेलं पाणी दर वेळी सारखं निघत नाही.

ज्यांना गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी करायची आहे त्यांनी शाओ-वेन लिंग यांचं नाव लक्षात ठेवावं. मोठी कोळंबी नदीत राहते म्हणून तिची पिल्लं गोड्या पाण्यात ठेवली जात आणि ती मरत. मलेशियात पेनांगला 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लिंग यांच्या लक्षात आलं की पिल्लांना मचूळ पाणी लागतं. आज सगळीकडे 12 पीपीटीच्या आसपास, 28 ते 31 अंशांना त्यांच्या अकरा अवस्था पार पाडतात. चिंबोरीचं उलट आहे. ती खारफुटीत, अर्ध्या खाऱ्या चिखलात सुखाने राहते, पण पोटाखाली अंडी घेतलेली मादी समुद्राकडे निघते, कारण तिच्या झोइया पिल्लांना 30 च्या आसपासचं खारं पाणी हवं. कमी खाऱ्या तळ्यात अंडेवाली चिंबोरी ठेवून पिल्लांची वाट बघणाऱ्यांनी ती वाट बघणं सोडावं.

नऊ बरण्यांचा प्रयोग

विद्यार्थ्यांसाठी आणि घाई नसलेल्या हॅचरीवाल्यांसाठी. आपल्या खाडीच्या कालवाला काय मानवतं हे कुठल्या पुस्तकात शोधण्यापेक्षा नऊ बरण्यांत सापडतं. तीन क्षारता घ्या: 18, 24, 30. तीन तापमानं: 25, 28, 32. पाण्याच्या तीन टबांत, एकात बर्फाच्या पिशव्या, एकात हीटर, एक खोलीचं. प्रत्येक टबात तीन क्षारतेच्या बरण्या. एकाच वेळी फलित झालेली अंडी मोजून टाका, मिलिलिटरला दहा-वीसपेक्षा जास्त नको. चोवीस तासांनी प्रत्येक बरणीतून शंभर पिल्लं बघून सरळ डी किती, वाकडी किती, हे लिहा. हातात वेळ असेल तर सगळं तीनदा करा, आणि दर वेळी टबांची अदलाबदल करा. नाहीतर खिडकीजवळच्या टबाचा दोष तुम्ही तापमानाच्या नावावर लिहाल. माझ्या एका विद्यार्थ्याने नेमकं हेच केलं होतं, आणि चूक सापडायला त्याला दोन महिने लागले.

बरण्यांचं उत्तर हे पहिल्या दिवसाचं उत्तर आहे, तेही विसरू नका. दहाव्या दिवसाचं पिल्लू कमी क्षारता जास्त चांगली सोसतं.

गेल्या हंगामात त्याच प्रश्नवाल्या बाईंचा संध्याकाळी फोन आला. वही समोर होती. "वर चौदा, मग एकोणीस, आज एकवीस. खाली चोवीस, सव्वीस, सत्तावीस. ऊन अठ्ठावीस-एकोणतीस." परीक्षेचा शिंपला विचारला. "आठ ठिपके आसत, सर. पण वाळूचे कण आसतले काय?" बोटाने घासून बघा म्हटलं. वाळू हलते. थोडा वेळ शांतता. "हालनत नाय." दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांनी निम्मे दोरे सोडले. उरलेले निम्मे पुढच्या भांगाला.